मन ठिकाणावर नसताना केलेली प्रार्थना

मागील महिन्यात निपाणीकडच्या एका वाडीत घरभेटीस गेलो असता एका माउलीने आम्हांस एक प्रश्न विचारला. तिच्या मांडीवर सूप होते, सुपात तंबाखू आणि भिजवून कातरलेली पाने होती, आणि बोलता बोलता तिचे हात विड्या वळीतच होते. ती म्हणाली, "फादर, रोज रात्री आम्ही घरात तेर्स म्हणतो. पहिली दोन दशकं नीट जातात. तिसऱ्याला मन सुटतं. आज हजार भरले का, पानं उद्याला पुरतील का, कारखान्यात किती विड्या खराब म्हणून बाजूला काढतील, हाच हिशेब चालतो. शेवटी आमेन म्हणताना ध्यानात येतं, की मी इथं नव्हतेच. असली प्रार्थना देवाला पोचते का? का उगाच तोंड वाजवल्याचा दोष लागतो?"

वाचकांपैकी ज्यास हा प्रश्न कधीच पडला नाही असा कोणी असल्यास त्याने हे पान खुशाल उलटावे. आम्हांस तसा मनुष्य अद्याप भेटलेला नाही. विड्यांचा हिशेब निपाणीच्या माउलीचा, तर उसाच्या बिलाचा हिशेब शेतकऱ्याचा. बेळगावी उद्यमबागेत ओतशाळेत काम करणाऱ्यास पाळीची चिंता, आणि दहावीच्या मुलास गणिताची. प्रत्येकाच्या जपमाळेत मण्यांच्या जोडीने असले आणखी काही मणी ओवलेले असतात.

ह्या प्रश्नाची दुसरी एक बाजू आहे, आणि तीमुळेच आम्ही लेखणी उचलली. अलीकडे मोबाइलवरून प्रार्थनांच्या साखळ्या फिरतात. अमुक प्रार्थना पूर्ण एकाग्रतेने नऊ दिवस म्हणा, अकरा जणांना पाठवा, मागाल ते मिळेल; मध्ये खंड पडला तर फळ नाही. काही वक्ते तर भिंगाचा दृष्टांत देतात. भिंगाने सूर्यकिरण एका ठिकाणी गोळा केले म्हणजे कापूस पेटतो, तद्वत् मन एकवटले म्हणजे प्रार्थनेत सामर्थ्य येते, असे ते सांगतात. दृष्टांत ऐकावयास गोड आहे. पण त्यात एक खोच आहे, ती अशी की पेटविण्याचे काम भिंग धरणाऱ्याच्या हाती जाते आणि सूर्य बिचारा त्याच्या सोयीने तळपणारा एक दिवा ठरतो. ख्रिस्ती मनुष्याची प्रार्थना असे यंत्र नव्हे. लेकरू आईकडे पाहते तेव्हा ते आईला वश करण्यासाठी दृष्टी एकाग्र करीत नाही. ते आईकडे पाहते, कारण ती आई आहे.

मग एकाग्रतेस काहीच मोल नाही की काय? आहे, आणि थोर साधुसंतांनी ह्याविषयी पुष्कळ विचार करून ठेवला आहे.

संत बर्नार्ड (१०९० ते ११५३) यांच्याविषयी एक दंतकथा युरोपातील खेड्यांत सांगितली जाते. बर्नार्ड खेचरावर बसून चालले असता वाटेत एक शेतकरी भेटला आणि फुशारकीने म्हणाला, की प्रार्थना करताना माझे मन कधीच चळत नाही. बर्नार्ड म्हणाले, "फारच चांगले. तू प्रभूची प्रार्थना आरंभापासून शेवटपर्यंत मन न चळू देता म्हण, हे खेचर तुझे." शेतकऱ्याने डोळे मिटले, हात जोडले, आरंभ केला, आणि निम्म्यावर येताच डोळे उघडून विचारले, "महाराज, खोगीरही बरोबर मिळेल ना?" आमच्या मते त्या शेतकऱ्याला हसण्याचा अधिकार फारच थोड्यांना आहे. प्रभूची प्रार्थना म्हणण्यास अर्धे मिनिटही लागत नाही, आणि पाच दशकांची जपमाळ वीस मिनिटे तरी घेते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी नेमका आमच्या निपाणीच्या माउलीचाच प्रश्न घेतला आहे. प्रार्थनेत लक्ष असलेच पाहिजे काय? त्यांचे उत्तर ते तीन पायऱ्यांनी देतात. एक लक्ष शब्दांकडे असते, ते नीट उच्चारले जावेत म्हणून. दुसरे शब्दांच्या अर्थाकडे. तिसरे खुद्द देवाकडे, आणि ज्या गोष्टीसाठी आपण त्याच्यापुढे आलो तिच्याकडे. ह्यांत अत्यंत आवश्यक ते तिसरे, आणि ते निरक्षर माणसासही साधते, असे हा पंडितांचा पंडित स्पष्ट लिहून ठेवतो. पुढे ते म्हणतात, की प्रार्थनेस बसताना जो हेतू मनाने धरला त्याचे पुण्य सबंध प्रार्थनेस लाभते, मग मनुष्याच्या दुबळेपणाने मध्येच मन न कळत भटकले तरीही. मात्र जाणूनबुजून मन दुसरीकडे लावणे हा दोष आहे, हेही ते तितक्याच स्पष्टपणे सांगतात.

हे आपल्याकडच्या अनुभवाने पाहू. ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी आपल्या बाजूचे आणि सावंतवाडीकडचे श्रद्धावंत जुन्या गोव्यास पायी जातात. बेळगावहून ही वाट शंभरावर किलोमीटरांची. घाट उतरताना यात्रेकरू प्रत्येक पावलाला संताचे चिंतन करीत असतो काय? मुळीच नाही. तो पायाच्या फोडाचा विचार करतो, चहा कोठे मिळेल हे पाहतो, शेजाऱ्याशी जावयाच्या नोकरीविषयी बोलतो. तरी त्याचे प्रत्येक पाऊल जुन्या गोव्याकडेच पडत असते, कारण निघताना त्याने तोंड तिकडे केलेले आहे. परंतु तोच यात्रेकरू वाटेत पाठ फिरवून घराकडे चालू लागला, तर त्याची पावले कितीही नेमाने पडोत, ती यात्रा राहिली नाही.

तेव्हा तेर्स म्हणताना विड्यांचा हिशेब आपोआप मनात आला, तर ती फोड आलेल्या पायाची गोष्ट झाली. पण गुडघ्याशी मोबाइल उघडा ठेवून प्रार्थनेच्या मध्ये बोट फिरविणे, किंवा मालिकेचा आवाज तेवढा बंद करून चित्र चालू ठेवणे (हे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे), ही पाठ फिरविणेच होय. त्या वेळी नमो मरिया म्हणणारा आवाज आणि मालिकेतील सासूचा चेहरा ह्यांत कोणाची सरशी होते हे लेकरांना चांगले कळते.

भटकलेल्या मनाचे करावे काय, ह्यास संत फ्रान्सिस दि सेल्स यांचे उत्तर आम्हांस सर्वांत मानवते. ते जिनिव्हाचे बिशप, १६२२ साली वारले. घरसंसार करणाऱ्या सामान्य स्त्री-पुरुषांसाठी त्यांनी भक्तिजीवनावर ग्रंथ लिहिला. त्यांची शिकवण अशी, की मन निसटलेले ध्यानात येताच त्याला रागे न भरता हलकेच प्रभूपाशी परत आणावे, पुन्हा निसटले तर पुन्हा आणावे, आणि सारा वेळ ह्या एका कामात गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. रांगते मूल चुलीकडे जाऊ लागले म्हणजे आई काय करते? ती त्याला उचलून पुन्हा जवळ आणते, दहा वेळा गेले तर दहा वेळा आणते. त्या संध्याकाळी भाकऱ्या कमी झाल्या असतील, पण आईपण कमी झाले असे कोणी म्हणणार नाही.

आणखी एक जुनी गोष्ट त्या माउलीस आम्ही तिथेच सांगितली. तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात संत अँथनी एकांतात राहत. एकदा नाना विचारांनी त्यांचे मन इतके गांजले, की तारण होईल कसे असे त्यांना वाटू लागले. तेव्हा त्यांना आपल्यासारखाच एक जण दिसला. तो बसून दोर वळीत होता. थोड्या वेळाने उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोर वळी, पुन्हा उठे. तो देवदूत होता, आणि असेच कर म्हणजे तरशील, हा त्याचा निरोप होता. ध्यान द्यावे ते ह्याकडे, की देवदूताने अँथनीला हातचे काम टाकावयास सांगितले नाही. ही गोष्ट ऐकताना त्या बाईचे हात क्षणभर थांबले, आणि मग पुन्हा चालू झाले.

साधनांविषयी थोडक्यात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १६ ऑक्टोबर २००२ रोजी जपमाळेवर पत्र लिहिले. त्यात त्यांनी तेजाची पाच रहस्ये नव्याने सुचविली, त्यामुळे पूर्वीची पंधरा रहस्ये आता वीस झाली हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच पत्रातील एक साधी सूचना मात्र आपण विसरलो. रहस्य उच्चारल्यावर शुभवर्तमानातील लहानसा उतारा वाचावा आणि क्षणभर गप्प बसावे. आपल्या घरांत दशकामागून दशक अशा वेगाने जाते, की जणू मागून एस.टी. सुटणार आहे. पाचही रहस्यांना मिळून दोन मिनिटे शांततेला दिली तर घरच्यांच्या झोपेत फारशी तूट येणार नाही.

आता श्रद्धेविषयी. हा भाग जड आहे, कारण येथे माणसाच्या जिवाशी गाठ पडते.

आमच्या माहितीतील एक तरुण, गाव आणि नाव सांगत नाही, क्षयाने आजारी पडला. सरकारी दवाखान्यात मोफत गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत खोकला उतरला, अंगी लागू लागले. ह्या सुमारास कोणी त्याला दूरच्या शहरी एका प्रार्थनासभेस नेले. तेथे त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगण्यात आले, की तू बरा झाला आहेस, आता गोळी घेशील तर देवावर संशय घेतल्यासारखे होईल. पोराने गोळ्या बंद केल्या. क्षयाचे औषध निदान सहा महिने न चुकता घ्यावे लागते. मध्येच सोडले तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे होऊ शकतात. पाच महिन्यांत खोकला परतला, रक्तही पडले. आता त्याच्यावर पूर्वीपेक्षा लांबचे आणि कडक उपचार चालू आहेत. पण ज्या गोष्टीने आमचे मन विटले ती पुढेच आहे. त्याची आई पुन्हा त्या सभेच्या माणसांकडे गेली, तेव्हा तिला उत्तर मिळाले, "बाई, तुमचाच विश्वास कमी पडला."

असे शब्द बोलणाऱ्याने एकदा संत जोसेफ वाझ यांचे चरित्र वाचावे. ते आपलेच, बाणावलीस १६५१ साली जन्मले. आज आपण ज्या कर्नाटकात राहतो त्याच्या किनारपट्टीत, त्या काळच्या कानडा प्रांतात, १६८१ ते १६८४ ह्या काळात त्यांनी धर्मकार्य केले. मग सिलोनमधील कॅथोलिकांना कोणी धर्मगुरू उरला नाही असे कळल्यावर ते १६८७ साली तिकडे गेले. डचांनी १६५८ साली जाफना घेतल्यापासून तेथे कॅथोलिक धर्मगुरूंस बंदी होती. वाझ फाटक्या वेषात, गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत हिंडले, कारण ती माळ पाहून कोणाचे डोळे भरून येतात हे त्यांना पाहावयाचे होते. आणि जवळ जवळ तीस वर्षे वेदीवर मिस्सा झालेली नसताही ती माळ ओळखणारी घरे निघाली! ना धर्मगुरू, ना देऊळ, तरी त्या घरांनी श्रद्धा टिकविली होती. तेथल्या आया-बायांचे मन प्रत्येक दशकात स्थिर राहत असेल असे आम्हांस वाटत नाही. त्यांनाही भात शिजवायचा होता, आणि दारात शिपाई येईल ही धास्ती होती.

१६९२ साली वाझ कँडीस पोचले. पोर्तुगीजांचे हेर समजून राजाने त्यांना कैदेत टाकले. पुढे त्या राज्यात मोठे अवर्षण पडले. राजाच्या विनंतीवरून वाझ यांनी चौकात वेदी उभारली, तिच्यावर क्रूस ठेवला आणि ते गुडघे टेकून प्रार्थनेस बसले. चरित्रकार सांगतात, की भरपूर पाऊस पडला. राजाने त्यांना धर्मप्रसाराची मोकळीक दिली. ही हकीकत प्रवचनांतून वारंवार सांगितली जाते, आणि बहुधा येथेच संपविली जाते.

पण चरित्र पुढे चालू राहते. १६९७ साली त्याच कँडीत देवीची साथ आली. धडधाकट माणसे शहर सोडून पळाली, रोग्यांना रानात टाकून देण्यात आले. वाझ आणि त्यांचे सहकारी फादर जोसेफ दि कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी झोपड्या उभारल्या, ओस घरांचे दवाखाने केले, रोग्यांची अंगे धुतली, तोंडात पेज घातली, मेलेल्यांना पुरले. साथ महिनोन् महिने चालली आणि पुष्कळ लोक मेले. आता सांगा, पावसाच्या दिवशी ज्याची श्रद्धा पुरी होती त्याची ह्या वेळी कमी पडली काय? तोच मनुष्य, तोच गुडघा, तीच जपमाळ. एकदा आकाश उघडले, एकदा खड्डे खणावे लागले. दोन्ही वेळा त्यांचे तोंड एकाच दिशेस होते. २०१५ च्या १४ जानेवारीस पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले, ते केवळ पावसासाठी दिले असे आम्हांस वाटत नाही.

प्रभू येशूने गेथशेमनी बागेत एकच मागणे तीनदा मागितले, आणि प्याला टळला नाही. संत पौलाने देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनविले, आणि काटा राहिला. विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांनी ह्या दोघांनाही तेच सांगावे म्हणजे झाले.

औषधाविषयी तर आपल्या कॅथोलिक बायबलात शंकेस जागाच ठेवलेली नाही. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी काढून वाचावा. वैद्याचा मान राखावा, औषधे परमेश्वराने भूमीतून निर्माण केली, शहाणा मनुष्य त्यांचा अव्हेर करीत नाही, आजारात प्रार्थनाही करावी आणि वैद्यालाही येऊ द्यावे, असा त्याचा आशय आहे. रोगमुक्तीच्या प्रार्थनांवर रोमने १४ सप्टेंबर २००० रोजी खास सूचनापत्र काढले. आरोग्यासाठी प्रार्थना करणे चांगले, पण त्यात नाटकीपणा आणि उन्माद नसावा, बिशपांची देखरेख असावी, आणि वैद्यकीय उपचारांचा त्याग करण्याचे कारण नाही, हा त्यातील सार.

जाता जाता एक तक्रार. आजाऱ्यांच्या अभ्यंगासाठी आम्हांस बोलावणे येते ते घरघर लागल्यावर. फादर आले म्हणजे मरण आले, ही समजूत काही केल्या जात नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली ह्या संस्काराचा विधी नव्याने ठरविला. तो गंभीर आजार जडलेल्या प्रत्येकासाठी आहे, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी आहे, थकलेल्या वृद्धांसाठी आहे, आणि पुन्हा पुन्हा घेता येतो. वर सांगितलेल्या तरुणाला आम्ही तो दिला. तेल लावून झाल्यावर त्याच्या उशाशी असलेल्या गोळ्यांच्या पाकिटावरही त्याने आमच्याकडून क्रुसाची खूण करून घेतली, आणि त्या दिवसाची मात्रा आमच्यासमोर गिळली. त्या वेळी त्याचे मन किती एकाग्र होते हे त्याला ठाऊक आणि देवाला. गोळ्या कडू असतात एवढे त्याच्या तोंडावरून दिसले.

एक प्रश्न राहिला. आपल्या सीमाभागातील कित्येक घरांत आजी कोकणीत तेर्स म्हणते, सून मराठीत, आणि शाळेत कानडी किंवा इंग्रजी शिकणारे नातवंड कोणत्याच भाषेत धड म्हणत नाही. कोणत्या भाषेत म्हणावी म्हणजे मन लागेल, असे काही जण विचारतात. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली इंग्लंडचा माणूस म्हणून गोव्यात उतरले, आणि १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण राचोल येथे छापून निघाले ते मराठी ओव्यांत. नव्या ख्रिस्ती कुटुंबांच्या कानाला आणि काळजाला जी भाषा पोचेल ती त्यांनी स्वतः कष्टाने शिकून घेतली. आमचे मत असे, की ज्या भाषेत तुम्ही रडता आणि भांडता तीत प्रार्थना करावी. घरात तीन भाषा असतील तर तीन चालू द्याव्यात. नमो मरियाचा पहिला भाग आजीने कोकणीत म्हणावा, उत्तर सुनेने मराठीत द्यावे, आणि एक दशक नातवाला कानडीत म्हणू द्यावे. तो अडखळेल, आजी मध्येच त्याला दुरुस्त करील, थोडा वाद होईल. होऊ द्यावा.